बसा, एक डाव होऊ द्या

दातारकाका, तुम्ही गेलात त्याच्या अकराव्या दिवशी मी तुम्हाला फोन केला होता.

मला काहीच माहीत नव्हतं. दहा दिवस जो खेळला नाही त्याचं नाव सकाळी आमच्या यादीत येतं, तसं तुमचं आलं. अशा माणसांना म्हणायचं एक ठरलेलं वाक्य असतं. 'सर, आम्ही आपल्याला मिस करतोय, आपल्यासाठी एक खास बोनस आहे.' तुमच्यापुढे ते वाक्य म्हणायची हिंमत माझ्यात फार पूर्वीच उरली नव्हती. म्हणून मी नुसतं म्हटलं, "काका, रुसलात का?"

पलीकडून बाईचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"दातारकाका आहेत का?"

"बाबा गेले. आज अकरावा आहे." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही प्रेसमधल्या का? ती फोन करणारी मुलगी?"

मी म्हटलं, "हो."

फोन ठेवला आणि समोरच्या पडद्यावर नेहमीचे पर्याय आले. त्यातला एक निवडल्याशिवाय पुढचा नंबर लागत नाही. संपर्क झाला. रस नाही. नंतर फोन करा. चुकीचा नंबर. माणूस वारला, असा पर्याय त्यात नाही. आमच्याकडे माणसं खेळत असतात, नाहीतर खेळायची थांबलेली असतात, तिसरं काही नाही. माझं बोट 'नंतर फोन करा'वर पडलं. त्यामुळे तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचं नाव पुन्हा माझ्या यादीत सगळ्यात वर होतं.

मी काय काम करते हे तुम्हाला पहिल्याच फोनमध्ये कळलं होतं. खराडीतल्या काचेच्या इमारतीत नवव्या मजल्यावर आमची कंपनी. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळवणारी. जे जास्त खेळतात, म्हणजे बहुतेक वेळा जास्त हरतात, त्यांना एकेक मुलगी नेमून दिलेली असते. वाढदिवसाला फोन करायचा, तब्येत विचारायची, खेळणं थांबलं की हळूच परत आणायचं. तुमच्या वाट्याला मी आले.

"नमस्कार दातार सर, मी श्रुती, आपली रिलेशनशिप मॅनेजर."

"कुणाशी रिलेशन?"

"आपल्याशी, सर."

"मला कुणी विचारलं नाही."

मी कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला. ॲप वापरताना काही अडचण येते का? तुम्ही म्हणालात, "येते. तुमचं मराठी." आणि वाचून दाखवलंत. 'आता सामील व्हा आणि मोठे जिंकणे सुरू करा.' "मोठे जिंकणे म्हणजे काय हो बाई? आणि धाकटे जिंकणे कुठे ठेवलंय?"

मी हसले. हसता हसता तोंडातून गेलं, "काहून काका, समजते ना पण?"

बोलून चुकले होते. ट्रेनिंगमध्ये आमच्या जिभेवरून 'काहून', 'हाव', 'बाप्पा' सगळं घासून काढलेलं. ग्राहकाला पुण्याची मुलगी वाटली पाहिजे. तुम्ही मात्र एकदम उजळलात. "काहून! कुठल्या तुम्ही? यवतमाळ? वाशीम?" पुसद म्हटल्यावर तुम्हाला केवढा आनंद झाला. "आमच्याकडे नुसतं 'का' म्हणतात. तेसुद्धा विचारायला कमी, टोचायला जास्त." त्या दिवशी मी तुम्हाला खरं नाव सांगितलं, वंदना. तसं सांगायला बंदी आहे. तिसऱ्या-चौथ्या फोनपर्यंत तुम्ही 'अहो बाई' सोडून 'अगं वंदना'वर आला होतात, आणि मला या शहरात पहिल्यांदाच कुणीतरी एकेरीत हाक मारत होतं.

नारायण पेठेतल्या छापखान्यात तुम्ही अडतीस वर्षं मुद्रितं तपासलीत. शिशाच्या खिळ्यांची जुळणी गेली, ऑफसेट आलं, मग संगणक आला, आणि शेवटी मालकाच्या मुलाने ती जागाच बिल्डरला दिली. "मशीन चुका करत नाही म्हणे. करत नाही, बरोबर आहे. ते झालेल्या चुका झटपट छापतं." हे तुम्ही इतक्या थंडपणे सांगायचात की मला हसावं की नाही ते कळायचं नाही.

लॉटरीचा किस्साही तेव्हाचाच. निकालाचं पत्रक तुमच्याकडे छापलं जायचं, आणि एकदा तुमच्या नजरेतून आठाचा तीन सुटला. दुसऱ्या दिवशी मंडईतला एक हमाल, आपल्याला लॉटरी लागली असं समजून, पेढ्यांचा पुडा घेऊन छापखान्यात आला. तुम्ही छापलंत म्हणून मला कळलं, आधी तुमचं तोंड गोड करतो, असं म्हणाला. मालक आत लपून बसला आणि खरा आकडा सांगायची वेळ तुमच्यावर आली.

"मग? काय केलं त्यानं?"

"काही नाही. मलाच म्हणाला, असू द्या साहेब, होतं. पुडा परत न्यायची त्याला लाज वाटली असावी. तसाच ठेवून गेला. आमच्यात कुणी हात लावला नाही त्याला."

त्यानंतर आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नाही, म्हणालात. मी विचारलं, मग आता हे का? तुम्ही सांगितलंत, काकू होत्या तेव्हा रोज संध्याकाळी दोघं आणि शेजारचं जोडपं मिळून रमी खेळायचात, चिंचोके लावून. काकू गेल्या, शेजारचे मुलाकडे खराडीला राहायला गेले. "मोबाइलवर पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. पण पत्ता पडतो. थांबून, विचार करून पडतो. माणूस आहे एवढं कळतं. तेवढं मला पुरतं." पहिल्याच आठवड्यात तुम्ही जिंकलात आणि लेकीला, मंजिरीताईंना, साडी आणलीत. एक प्रेस घरबसल्या तपासायला मजकूर देते, तिथली एक मुलगी फोन करते, असं तुम्ही त्यांना सांगितलंत. ते खोटं तुम्ही मला फार मजेत सांगितलं होतंत. मीही मजेतच ऐकलं.

आमच्या गावात, काका, मटक्याचे आकडे घेणारा माणूस पानठेल्याच्या मागच्या फळीवर बसायचा. माझे एक मामा त्याच्याकडे जायचे. आई त्यांना दारातूनच चहा द्यायची, घरात घ्यायची नाही. त्यांच्या मुलीचं लग्न दोनदा मोडलं, 'बाप आकडा लावतो' एवढ्याच कारणानं. आणि मला इथे नोकरी लागली तेव्हा त्याच आईनं आळीत पेढे वाटले. पुण्याला आयटीत आहे म्हणाली. गळ्यात ओळखपत्र, खाली कंपनीची बस, दिवाळीला सुकामेव्याचा डबा. बाबा एसटीत कंडक्टर होते. ते एवढंच म्हणाले, "पत्त्याचं काम हाय म्हंते ना तू?" मी म्हटलं, "बाबा, कस्टमर केअर आहे." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मामांनी मात्र फोन करून अभिनंदन केलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच मला जास्त लागलं.

हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "फरक आहे की. तो आकडेवाला तुझ्या मामांना घरी फोन करत नव्हता."

मग ती मराठीची गोष्ट झाली. ती सुरू मी केली, हे लिहिलंच पाहिजे. तुमच्या दुरुस्त्या मी एका कागदावर उतरवून घ्यायचे, नुसत्या हौसेनं. एक दिवस तो कागद माझ्या टीम लीडनं, रोहननं, पाहिला आणि वर पाठवला. वरून निरोप आला, या माणसाकडून सगळा मजकूर नीट करून घ्या. तुम्हाला कोण आनंद झाला होता! सहा दिवस मी एकेक ओळ फोनवर वाचायची आणि तुम्ही सांगायचात. 'मोठे जिंकणे'च्या जागी काय लिहायचं यावर तुम्ही दोन दिवस घेतलेत. तिसऱ्या दिवशी फोन उचलल्या उचलल्या म्हणालात, "लिही. बसा, एक डाव होऊ द्या."

"बस्स?"

"बस्स. घरी आलेल्याला आपण असंच म्हणतो. जिंका-बिंका म्हणत नाही."

ती ओळ लागली. कंपनीत दोन-दोन पाट्या लावून बघतात, कुठल्या पाटीवर लोक जास्त बोट ठेवतात ते. तुमच्या ओळीपुढे बाकीच्या सगळ्या पाट्या पडल्या. साताऱ्यापासून नांदेडपर्यंत लोक ती ओळ वाचून बसले, काका. आमच्या मजल्यावर केक कापला. मला बढती मिळाली. आणि तुम्हाला मोबदला मिळाला तो बोनसमध्ये. तो बोनस बँकेत काढता येत नाही, फक्त खेळता येतो.

हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही आधी हसलात. "म्हणजे मजुरी द्यायची, आणि ती तुमच्याच दुकानात उडवायची अट घालायची. आमचा मालक इतका हुशार नव्हता गं. उगाच शिव्या दिल्या त्याला." मग विचारलंत, "आणि त्या इशाऱ्याचं काय झालं?"

खाली बारीक अक्षरात असतो तो इशारा. 'या खेळात आर्थिक जोखीम आहे व व्यसन लागू शकते, कृपया जबाबदारीने खेळा.' तुमचं त्यावर म्हणणं होतं की या वाक्याला कर्ताच नाही. जबाबदारी कुणाची ते सांगितलेलं नाही. त्याच्या जागी तुम्ही तीन शब्द दिले होते. 'हरलात तर उठा.' ते घेतले नाहीत. वकिलांनी ठरवून दिलेला मजकूर आहे, त्याला हात लावायचा नाही, असं उत्तर आलं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे बसवण्यापुरतं माझं मराठी चांगलं."

त्यानंतर आपलं ते भांडण सुरू झालं, जे शेवटपर्यंत मिटलं नाही. मी कंपनीचं पाठ केलेलं सांगायचे. रमी हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही, कोर्टानंही म्हटलंय. तुम्ही म्हणायचात, "कौशल्य आहेच की. कुणाचं, एवढाच प्रश्न आहे."

"खेळणाऱ्याचं, काका."

"मग तू फोन कशाला करतेस?"

मी चिडायचे. म्हणायचे, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला सगळं कळतं, मग बंद करा की. आणि एवढं बोलून मीच घाबरायचे, कारण आमचे फोन रेकॉर्ड होतात. तुम्ही समजून विषय बदलायचात. मुगाच्या खिचडीत तुमच्याकडे गूळ घालतात का असलं काहीतरी विचारायचात.

एक गोष्ट तुम्हाला कधीच सांगितली नाही. मागच्या वर्षी एका रविवारी मी कसब्यात आले होते. मैत्रिणीला गणपतीला जायचं होतं, पण मी आले तुमच्यासाठी. पत्ता मला पाठ होता. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी डेअरी आहे, तिथे उभी होते, पुढे जावं की नाही ते ठरत नव्हतं, आणि शेजारून तुमचा आवाज आला. फोनमधला तोच आवाज, पण अंगासकट. तुम्ही डेअरीवाल्याला सांगत होतात, "पाटीवर 'दुध' ऱ्हस्व लिहिलंय. पातळ झालं असणार." तो म्हणाला, "काका, रोज काय सांगता, दूध तर रोज नेता." पांढरा सदरा, खिशाला लाल पेन, हातातली पिशवी जरा लांब धरलेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी हसणार होते. पण तुमची नजर माझ्यावरून तशीच पुढे गेली, आणि पायरी उतरताना तुम्ही आधी पायानं चाचपून पाहिलंत. तेव्हा मला कळलं, तुम्हाला किती कमी दिसतंय ते. मी ताकाची पिशवी घेतली आणि परत फिरले. ग्राहकाला प्रत्यक्ष भेटायला बंदी आहे हे खरं, पण मी तेवढ्यासाठी परत फिरले नाही. मी ओळख दिली असती तर तुम्ही मला घरी नेलं असतंत, मंजिरीताईंनी चहा केला असता, आणि मला तिथे बसून प्रेसमधली मुलगी व्हावं लागलं असतं.

पुढच्या फोनला मी तुम्हाला मोतीबिंदूचं विचारलं. तुम्ही म्हणालात पिकला नाही अजून. आता पिकायची वाट बघत नाहीत, एवढं मलाही माहीत होतं. त्यावर मी काय केलं? मोबाइलवरची अक्षरं मोठी कशी करायची ते तुम्हाला शिकवलं. पत्ते मोठे दिसायला लागले म्हणून तुम्ही मला आशीर्वाद दिलात.

आणि मग तो फोन.

आपणहून तुम्ही कधी फोन केला नव्हतात. त्या दिवशी केलात. आवाज अगदी साधा होता. "वंदना, माझं खातं बंद कर. ऑपरेशनचे पैसे मंजिरीनं दिले होते. ते गेले. दुसऱ्यांदा दिले, तेही गेले. आता पुरे."

खातं बंद करायला आलेल्या माणसासाठी आमच्याकडे तीन पायऱ्या आहेत. आधी कारण विचारायचं, सहानुभूती दाखवायची. मग म्हणायचं, बंद नको, आठ दिवस विश्रांती घ्या. मग बोनस द्यायचा. मी तिन्ही पायऱ्या म्हटल्या, काका. तुमच्याशी तरी म्हणायला नको होत्या, पण म्हटल्या. तुम्ही तिन्हींना नाही म्हणालात. त्या महिन्यात माझ्या यादीतून आणखी एक नाव कमी झालं असतं तर माझं टार्गेट चुकणार होतं. हे मला बोलताना आठवत होतं. विसरले होते असं मी म्हणू शकत नाही.

मग मी म्हटलं, "पण काका, मग आपलं बोलणं कसं होणार?"

खालून कुणी भंगारवाला ओरडत गेला, तो मला तुमच्या फोनमधून ऐकू आला. मग तुम्ही विचारलंत, "हे तुझ्या कागदावर लिहिलंय?"

"नाही."

"मग राहू दे चालू."

कागदावर नव्हतं, हे खरंच आहे. पण ते मी मायेनं म्हटलं की कामाचा भाग म्हणून, ते आजपर्यंत माझं मला ठरवता आलेलं नाही. तुमचा फोन बंद झाला असता तर मला वाईट वाटलं असतं, हेही खरं आणि टार्गेटही खरं. दोन्ही एकाच वाक्यात कसं मावलं कुणास ठाऊक. रोहनला मात्र काही शंका नव्हती. त्यानं ते रेकॉर्डिंग उचललं. नव्यानं लागलेल्या मुलींना ते ट्रेनिंगमध्ये ऐकवतात. ग्राहकाशी नातं कसं जोडावं, याचा नमुना म्हणून. तुमचं ते 'मग राहू दे चालू' मी त्या खोलीबाहेरून जाताना चारदा तरी ऐकलंय.

त्यानंतर तुम्ही चार महिने जगलात.

तुमचं नाव पुन्हा यादीत आलं त्या दिवशी मी 'चुकीचा नंबर' दाबलं आणि रोहनकडे जाऊन विचारलं, ती 'बसा'वाली ओळ काढता येईल का. "का? इतकी मस्त चाललीय." मी म्हटलं, ज्यांनी लिहिली ते गेले. तो क्षणभर खरंच गंभीर झाला. मग म्हणाला, "मग तर राहू दे ना यार. त्यांची आठवण म्हणून." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कसब्यात यायला मनपाची बस पकडली.

तुमच्या घरी मंजिरीताईंची शिकवणी चालू होती. सहा-सात मुलं जमिनीवर बसून गणितं करत होती आणि सगळी कुजबुजत बोलत होती. ताईंनी मला आतल्या खोलीत बसवलं, तुमच्याच पलंगासमोर. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं, एवढं त्यांनी सांगितलं. मग बाहेर बघून म्हणाल्या, "अजून हळू बोलतात बघा. मीच सवय लावली होती. बाबा दोन ते चार झोपायचे ना."

दोन ते चार. तुमचं खातं रोज कधी चालू व्हायचं आणि कधी बंद, हे माझ्या पडद्यावर मिनिटासकट असायचं. बाहेर मुलं श्वास धरून भागाकार करायची आणि आत तुम्ही भिंतीकडे तोंड करून पत्ते टाकायचात.

"बाबा तुमच्याबद्दल सांगायचे," ताई म्हणाल्या. "प्रेसमधली एक मुलगी आहे म्हणायचे, विदर्भातली. शब्द छान आहेत तिच्याकडे. तुमचा फोन आला की दिवसभर बरे असायचे."

तिथे मी गप्प बसू शकले असते. तुमचं खोटं तुमच्याबरोबर गेलं असतं आणि त्यांच्याकडे चांगली आठवण राहिली असती. हे मी बसमध्ये ठरवूनही आले होते. पण त्यांनी माझे आभार मानले, आणि ते मला घेता आले नाहीत. मी सगळं सांगितलं. कंपनी, दोन ते चार, ऑपरेशनचे पैसे. शेवटी तुम्ही खातं बंद करा म्हणालात आणि मी काय बोलले तेही.

त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. बाहेर एका मुलीनं "बाई, झालं" म्हटलं, तर उठून गेल्या, तिची वही पाहिली, पुढचं उदाहरण दिलं आणि परत येऊन बसल्या.

"डॉक्टर थांबा म्हणतात, असं सांगायचे मला," त्या म्हणाल्या. "मी दुसऱ्या डॉक्टरकडे नेणार होते."

"ताई, मला माफ..."

"हे सांगून तुम्हाला हलकं वाटलं असेल."

त्यांनी तुमच्या पलंगावरची चादर सारखी केली.

"मला नाही वाटलं. मला आता रोज दुपारी दोन वाजले की हे आठवणार." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, अगदी तुमच्यासारखा. "आणि तुम्ही हे मला सांगायचंच नव्हतं. त्यांना सांगायचं होतं. ते चार महिने होते की."

मग उठून त्यांनी दार उघडलं. "जिन्यात अंधार आहे, सांभाळून उतरा." दार लावलं, आणि आतून मुलांना म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा रे. कुणी झोपलेलं नाहीये."

खाली येऊन मी कितीतरी वेळ गल्लीत उभी होते. त्यांचं बरोबर होतं. त्या चार महिन्यांत मी तुम्हाला अकरा वेळा फोन केला आणि खिचडीपासून क्रिकेटपर्यंत सगळं बोलले.

मी राजीनामा दिलाय, काका. नोटिशीचा महिना चालू आहे. त्यानं काही मोठं झालं असं समजू नका. माझी खुर्ची भरायला नवी मुलगी आलीसुद्धा. वाशीमची आहे. घरी अजून सांगितलेलं नाही. आईनं वाटलेले पेढे आठवतात, मामांची लेक आठवते, आणि रागावू कुणावर तेच कळत नाही. तुमच्यावरही रागावते मध्येच. इतकं सगळं कळत होतं तुम्हाला. दुसऱ्याचा काना-मात्रा सोडत नव्हतात आणि माझ्या एका वाक्यावर थांबलात. मग वाटतं, त्या वाक्यात तुम्हाला चूक दिसलीच असणार. तुम्ही ती तशीच जाऊ दिलीत, माझ्यासाठी.

त्या दिवशी मी काय म्हणायला हवं होतं, ते आता मला सापडलंय. फार अवघड नव्हतं. 'बंद केलं, काका. उद्यापासून मी माझ्या नंबरवरून फोन करते.' तेव्हा सुचलं नाही, कारण स्वतःच्या नंबरवरून ग्राहकाला फोन करायचा नाही असा नियम आहे, आणि तो मला अगदी पाठ होता. पण खातं बंद झाल्यावर तुम्ही ग्राहक कुठे राहिला असतात?